सड्यावरचा टांगता जिना

माझे वडील विहिरी बांधायचे. गवंडीच ते, पण रत्नागिरीच्या आसपास घर बांधायला त्यांना कुणी बोलवत नसे. कुंपणाचे दगडी गडगे आणि विहिरी, एवढ्यासाठीच बोलावणं यायचं. घर म्हटलं की लोक दुसरा मेस्त्री शोधायचे, आणि बाबांचं नाव निघालंच तर नाक मुरडून म्हणायचे, "तो? तो विहिरीचा गवंडी!" जसं काही विहीर म्हणजे उंदराचं बीळ. चाळीस हात खाली उतरून, गोल भिंत ओळंब्यात वर चढवून दाखवा म्हणावं आधी! पण बाबा कधी उलट बोलले नाहीत. ते मनातल्या मनात कुढायचे, आणि त्यांच्या वाटचं माझी आई मोठ्याने बोलायची.

मी आईवर गेले आहे.

मला इंग्रजी आलं तेही एका विहिरीच्या पुण्याईने. मिशनच्या आवारातली विहीर बाबांनी बांधली, तेव्हा तिथल्या बाईंनी मला शाळेत बसवलं. मराठी सातवी झाली, वर इंग्रजीची चार बुकं झाली, आणि एकोणिसाव्या वर्षी मी मुलींच्या शाळेत शिकवायला लागले. लग्न व्हायचं होतं. वाडीतले लोक तोंडावर मला 'मास्तरीणबाय' म्हणत आणि पाठीमागे 'घोडनवरी'. मला दोन्ही ऐकू यायचं. माझी जीभ तेव्हाही तिखट होती आणि इंग्रजीचा गर्व तर विचारू नका. त्या गर्वानेच घात केला.

एकोणीसशे पंचवीसच्या आसपासची गोष्ट. गावाबाहेरच्या सड्यावर, म्हणजे खाली समुद्र दिसतो त्या उघड्या कातळावर, एक मडम घर बांधायला निघाली. ती आयर्लंडची. तिचा भाऊ आमच्या जिल्ह्यात साहेब होता. पेन्शनीत निघाल्यावर तो इथेच राहिला. कानाने ठार बहिरा, दिवसभर समुद्राकडे तोंड करून बसायचा. मडम साठीची, काठीसारखी सरळ, आणि तिचं हिंदुस्थानी असं की ऐकणाऱ्याला घाम फुटावा. घराचं कंत्राट एका कंत्राटदाराकडे होतं. माणूस लांज्याकडचा, पण दहा वर्षं मुंबईत काढून आलेला. डोक्यावर सोला हॅट आणि दर वाक्याला 'आमच्या मुंबईत'. बाबांना त्याने घेतलं ते अर्थातच विहिरीसाठी आणि गडग्यासाठी.

विहीर पुरी झाली. साधी रहाटाची, पायऱ्या नसलेली. मडम काठावर आली, वाकून खाली बघत राहिली. चिऱ्याला चिरा असा लागलेला की मध्ये सुई जाऊ नये. ती सरळ उभी राहिली आणि कंत्राटदाराला म्हणाली, "माझा जिना हा माणूस बांधेल."

कंत्राटदाराच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. बाबा मात्र संध्याकाळी घरी आले ते पाय न धुताच ओट्यावर बसले. आईने विचारलं, बरं नाय काय? तर म्हणाले, "घराचं काम गो. घराच्या आतलं." पुन्हा थोड्या वेळाने, "घराच्या आतलं," एवढंच म्हणाले. पंचवीस वर्षं ज्या एका गोष्टीची वाट बघितली ती माणसाच्या दारात आल्यावर तो आणखी काय बोलणार?

दुसऱ्या दिवशी मडमच्या बोलावण्यावरून बाबा, मी आणि आई सड्यावर गेलो. मी दुभाषी, आणि आई कारण तिला कुणी थांबवू शकत नव्हतं. चिऱ्यांच्या थप्पीच्या सावलीत आम्ही बसलो. मडमने एक चपटी पत्र्याची पेटी उघडली आणि आपल्या घराची हकिगत सांगायला लागली. मी मराठीत सांगत गेले.

तिकडे म्हणे एकाच नावाचे चार राजे एकामागोमाग गादीवर बसले, त्यांच्या नावावरून असल्या घरांना जॉर्जियन म्हणतात. शंभर-सव्वाशे वर्षांत आयर्लंडातल्या बड्या लोकांनी अशी घरं गावोगाव उठवली. करड्या दगडाचं, पेटीसारखं चौकोनी घर. मधोमध दार, दारावर अर्ध्या चंद्रासारखी काच, आणि डावीकडे जेवढ्या खिडक्या तेवढ्याच उजवीकडे. एखाद्या ठिकाणी आतून खिडकी काढता आली नाही, तर बाहेरून नुसती तिची चौकट करायची आणि मध्ये भिंत ठेवायची.

"खोटी खिडकी?" बाबांनी विचारलं. "उघडत नाय?"

"नाही. दोन्ही बाजू सारख्या दिसाव्यात म्हणून."

"म्हणजे काण्यानं दुसरा डोळा रंगवून घेतलान," बाबा म्हणाले. मी हे इंग्रजीत सांगितलं नाही, पण मडमने माझं तोंड बघून काय ते ओळखलं आणि हसली.

घराभोवती मैलोगणती जमीन. जमीन कसायची कुळांनी, आणि खंड यायचा घरात.

"म्हणजे खोतच की," बाबा म्हणाले. "त्यांच्याकडचे खोत."

खोत म्हणजे काय ते मला मडमला समजावून सांगावं लागलं. वेठ सांगितली, पिकाचा वाटा सांगितला, खोताच्या दारात चपला हातात घेऊन जावं लागतं ते सांगितलं. तिने ते सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "हो. तेच होतो आम्ही."

एवढं सरळ कबूल करील असं मला वाटलं नव्हतं. मग तिने बाकीचंही सांगितलं, काही न लपवता. स्वयंपाकघर जमिनीखाली. नोकरांना यायला-जायला बागेखालून भुयार, कारण दिवाणखान्यातून बघताना हिरवळीवर नोकर दिसता कामा नये. नोकरांचा जिना वेगळा, मागे, अंधारात. पुढचा दगडी जिना घरच्यांसाठी आणि पाहुण्यांसाठी.

आईला राहवेना. "माणसांना बिळातून? नि वाढायला त्यांचेच हात चालतात? मेल्यांनो!" हेही मी सांगितलं नाही, पण 'मेल्यांनो' कुठल्याही भाषेत कळतं.

पुढे त्या मुलखात बटाट्याचं पीक कुजलं. माणसं उपाशी मेली, उरलेली जहाजांत बसून परमुलखात गेली. खंड थकले. त्यानंतर कायदे झाले आणि कुळांनी जमिनी विकत घेतल्या. बड्यांकडे उरली नुसती घरं. जमीन गेली पण छप्पर तेवढंच मोठं. ते गळायला लागलं, आणि खाली मडमसारख्या मुली म्हाताऱ्या होत गेल्या. शेवटी तिकडच्या स्वातंत्र्याच्या धामधुमीत एका संध्याकाळी काही पोरं आली. त्यांतला एक घरच्या माळ्याचा मुलगा. पाव तास दिला. मडमच्या आईची खुर्ची त्यांनीच उचलून बाहेर अंगणात ठेवली, तिला तीत बसवलं, आणि मग घर पेटवलं.

खरं सांगते, ऐकताना आधी मला बरंच वाटलं. आमच्या वाडीतल्या कुणालाही वाटलं असतं. पण ती म्हातारी ज्या हाताने पेटीतले कागद सारखे करत होती तो हात बघून माझं बरं वाटणं विरघळलं. एखाद्याचं घर जळायला हवं होतं असं म्हणणं सोपं, त्याच्या समोर बसून म्हणणं कठीण.

बाबांनी एकच विचारलं. "जिना बांधलान कोणी?"

"माझ्या पणजोबांच्या वडिलांनी."

"तसं नाय. हात कोणाचे?"

मडमने पेटीतले कागद चाळून बघितले. नकाशा काढणाऱ्याचं नाव तिला ठाऊक होतं. घरच्या घोड्यांचीसुद्धा नावं ठाऊक होती, त्यांची चित्रं जेवणघरात लावलेली होती. गवंड्याचं नाव कुठल्याच कागदात नव्हतं. "माहीत नाही," ती म्हणाली आणि तिचे कान लाल झाले.

त्यानंतर भावाच्या कानांवर इलाज करायला ती त्याला घेऊन महिन्याभरासाठी मुंबईला गेली. जाताना बाबांकडे दोन कागद दिले. एक नकाशा, तोही जिना वरून बघितल्यासारखा. दुसऱ्यावर इंग्रजीत चार ओळी. त्यांत जिन्याचं नाव होतं, 'हँगिंग स्टेअर'.

झालं! हँगिंग म्हणजे टांगलेलं. कंदील हँगिंग, कपडे हँगिंग, फाशीसुद्धा हँगिंग. यात शंका ती काय? उचलली जीभ लावली टाळ्याला. "टांगता जिना, बाबा. वरून टांगायचा."

"वरसून? कशाला टांगायचा गो?"

"तुळईला. दुसरं आहे काय वर?"

बाबा दोन दिवस विचारात होते. तिसऱ्या दिवशी जेवता जेवता त्यांनी एकदम हात थांबवला. "झोपाळा!" ते म्हणाले. आमच्याकडे घरोघरी पडवीत झोपाळा असतो, चार कड्यांवर सहा माणसं बसतात आणि खाली काही टेकू नसतो. मग जिना का नाही? त्यांनी लोहाराकडून अंगठ्याएवढ्या जाड चार कड्या घडवून घेतल्या आणि दिवाणखान्याच्या नव्या तुळईत आरपार बसवल्या. इतका आनंद त्यांच्या तोंडावर मी कधी बघितला नव्हता. कंत्राटदार येता-जाता कड्यांकडे बघायचा आणि काही बोलायचा नाही. लबाड! एका शब्दाने सांगता आलं असतं त्याला. पण मडम परत यायची त्याला वाट बघायची होती.

ती आली तेव्हा त्याने सगळ्या कामकऱ्यांना गोळा केलं. हॅट काढून वर दाखवलं. "बघा मडमसाहेब, तुमचा जिना! झोके घेत घेत माडीवर जायचं! आमच्या मुंबईत असला जिना कुणी बघितला नसेल. विहिरीचा गवंडी घरात घेतला की असंच व्हायचं."

चिरे फोडणारे हसले, चुना मळणारे हसले. मडम हसली नाही. तिचा चेहरा पांढरा पडला. "हे कुणी सांगितलं?" तिने विचारलं.

मी पुढे व्हायला हवं होतं. एरवी गप्प न बसणारी माझी जीभ टाळूला चिकटली. आणि बाबा म्हणाले, "मीच. माझ्याच डोस्क्यात आलं."

माझं नाव घेतलं नाही. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

मडमने आपल्या हातपिशवीतून एक फोटो काढून माझ्या हातात ठेवला. जळालेल्या घराचा. छप्पर गेलेलं, मजले गेलेले, चार काळ्या भिंती, आणि त्यांतल्या एका भिंतीला धरून दगडी पायऱ्या वर वर जात होत्या. वर नुसतं आभाळ. "हा वरून कशाला टांगणार, पोरी?" ती म्हणाली. रागावली असती तर बरं झालं असतं. ती दमलेल्या आवाजात कंत्राटदाराला म्हणाली की लाकडाचा जिना करा आणि मुंबईहून सुतार आणा. फोटो परत घ्यायचंही तिला भान राहिलं नाही.

बाबा गडग्याच्या कामावर गेले. संध्याकाळी घरी येऊन त्यांनी आपली थापी धुतली, पुसली आणि वळचणीला खोचली. "विहिरीच्या गवंड्यानं विहिरीत रवावं," म्हणाले, आणि न जेवता आडवे झाले.

मी आईला सगळं सांगितलं. चूक माझी, बाबांनी आपल्या अंगावर घेतली. मला वाटलं, आता आभाळ कोसळेल. आईने भाकरी थापता थापता फक्त एक शब्द उच्चारला.

"निस्तर."

वैशाख होता. वाडीच्या विहिरीचं पाणी खोल गेलेलं, त्यामुळे पोहरा टाकण्यापेक्षा बायका पायऱ्यांनीच खाली उतरून कलशी भरायच्या. दुसऱ्या दिवशी सकाळी आई खाली गेली होती आणि मी काठावर दुसरी कलशी घेऊन उभी. आई भरलेली कलशी कमरेवर घेऊन वर यायला लागली. एक पायरी, दुसरी, तिसरी. ती विहीर बाबांनीच बांधलेली. पायऱ्या म्हणजे भिंतीतून बाहेर आलेले लांब दगड. एक टोक भिंतीत, दुसरं मोकळं. खाली पाणी. वर आभाळ.

"आये, थांब!"

"काय गो?"

"हलू नको! आहेस तिथेच उभी रहा!"

"मेलीस! इंचू बघितलास काय?" आई एक पाय वर, एक पाय खाली अशी पायरीवर ओरडत होती आणि मी काठावर हसत होते, रडत होते. हँगिंग म्हणजे वरून टांगलेलं नव्हे. हँगिंग म्हणजे अधांतरी! तो शब्द मला येत होता. रोज त्याच्यावरून पाणी आणत होते मी, आणि शोधत होते कंदिलात नि कपड्यांत.

मी फोटो घेऊन पळत सुटले. बाबा गडग्यावर चिरा बसवत होते. त्यांनी फोटो उभा धरला, आडवा धरला, डोळ्यांजवळ नेला. "ह्याला हँगिंग म्हणतात?" त्यांनी विचारलं. "ह्ये? ह्ये तर मी मिसरूड फुटल्यापासून करतंय!" आणि ते हसायला लागले. बाबांना इतकं हसताना आम्ही कुणी बघितलं नव्हतं. शेवटी त्यांना गडग्यावर बसावं लागलं.

मडमला विहिरीवर न्यायचं काम माझं. ती तोवर भाड्याच्या बंगल्यात राहायची, त्याच्या पायऱ्यांवर मी उभी राहिले आणि आधी सांगून टाकलं की चूक माझी, बाबांची नव्हे. मग म्हटलं, माझ्याबरोबर चला. ती आली. वाडीतल्या बायका पाण्यावर जमलेल्याच होत्या, आणि बाबाही येऊन काठावर उभे होते. मडमने टोपी काढून माझ्या हातात दिली, आणि त्या साठीच्या बाईने बूट घालून, भिंतीला हात लावत, विहिरीत उतरायला सुरुवात केली. सगळ्यांची पाचावर धारण बसली. पाण्यालगतच्या पायरीवर जाऊन तिने दगड भिंतीत शिरतो तिथे हाताचा तळवा फिरवून बघितला. मग विहिरीतून घुमत आवाज आला, "ये किसने बनाया?"

सगळ्या बायकांनी एकदम बोट दाखवलं. "ह्यानं!"

जिन्याचं काम पुन्हा बाबांकडे आलं, पण कंत्राटदार असा सहजासहजी हार मानणारा नव्हता, आणि त्याचं म्हणणं अगदीच वेडगळ नव्हतं. "विहिरीत भिंतीच्या पाठीला डोंगर असतो, म्हणून दगड टिकतात," तो म्हणाला. "इथे पाठीला वारा आहे. टेकू काढले की पत्त्यांचा बंगला. पडला तर?"

बाबा म्हणाले, "पडला तर थापी दर्यात टाकीन, परत हातात धरणार नाय. नि टेकू काढले की खाली मी बसेन."

मी बाबांना इतकं बोलताना ऐकलं ते तेव्हाच.

मग काम सुरू झालं. जांभा दगड भिंतीला चांगला पण पायरीला नाही, मोडतो. म्हणून पायऱ्यांना काळा दगड आणला. विहिरीत करायचे तसंच बाबांनी केलं: जिन्याकडची भिंत अजून उठायची होती, ती आणि पायऱ्या बरोबरच वर चढवल्या, प्रत्येक दगडाचं शेपूट भिंतीत खोलवर दाबलं. "दगड चुन्यानं धरत नाय," ते मला सांगायचे, "डोक्यावरच्या भिंतीच्या भारानं धरतो." फोटोत प्रत्येक पायरीला खाली एक खाच दिसत होती, ती कशाला ते त्यांना आठ दिवस उमगेना. मग एके दिवशी कळलं की वरची पायरी खालचीच्या कडेवर टेकायची असते. "अरे, हुशार होता रे कोण तो!" असं म्हणाले त्या नाव नसलेल्या गवंड्याला. एकवीस पायऱ्या, आणि प्रत्येकीखाली लाकडी टेकू. पावसाळाभर काम थांबलं. चुना पुरा पिकेपर्यंत बाबा टेकूंना हात लावू देईनात, आणि तोवर गावाला ऊत आला. बाजारात बाबा दिसले की लोक विचारायचे, "काय मेस्त्री, पोहायला शिकलात काय? थापी दर्यातून परत काढायला लागेल!" बाबा हसायचे. घरी रात्री कूस बदलत राहायचे ते मला माहीत.

मार्गशीर्षात टेकू काढायचा दिवस ठरला. सड्यावर जत्रा भरल्यासारखी माणसं. कंत्राटदार सोला हॅट घालून दाराबाहेर उभा, हो, बाहेर. आत यायची त्याची छाती नव्हती. बाबांनी वरून खाली एकेक टेकू हातोडीने पाडला. शेवटचा टेकू पडला. दगडाने हूं की चूं केलं नाही. बाबा जिन्याखाली मांडी घालून बसले आणि त्यांनी पानाची चंची सोडली.

आता वर कोण जाणार? कंत्राटदाराने वाळूची पोती आणायला सांगितली होती. मडम पुढे व्हायला निघाली. तेवढ्यात मागून आईचा आवाज आला. "बाजूला व्हा. नव्या विहिरीवर पयलं पाऊल गवंड्याच्या बायकोचं असतं."

ही आमच्याकडची रीत. आईने पहिल्या पायरीची हळदकुंकू लावून ओटी भरली, खण-नारळ ठेवला, तांदूळ वाहिले. मग चुंबळ डोक्यावर ठेवली, वर काठोकाठ भरलेली कलशी घेतली, आणि पदर खोचून चढायला लागली. तिच्यामागे चिरे वाहणाऱ्या बायका, त्यांच्यामागे वाडीतल्या. सगळ्यांच्या डोक्यावर भरलेल्या कलश्या. मीही उचलली एक; मास्तरीणबायचं लुगडं भिजलं तर भिजलं! पायरीला एक बाई. एकवीस पायऱ्यांवर एकवीस बायका, आणि खाली माझा बाप निवांत पानाला चुना लावत बसलेला.

वर पोचून आई वळली. खाली बघून तिने खड्या आवाजात विचारलं, "अवो, काय पडतंय काय?"

"नाय," खालून आवाज आला. "तुमच्या कलशीतलं पाणी तेवढं पडतंय. नीट धरा."

काय हशा उसळला म्हणता! बहिऱ्या साहेबाने वळून बघितलं. कंत्राटदार आत आला, त्याने हॅट काढली, पायरीवर हात फिरवला. "मेस्त्री," तो म्हणाला, "मानलं." वाईट माणूस नव्हता तो, पण मी त्याला अजून पुरतं माफ केलेलं नाही.

मडम सगळ्यांत शेवटी चढली आणि पुन्हा खाली आली. जिना सगळा ओला झाला होता. ती मला म्हणाली, "आमच्या त्या जिन्यावर पाण्याची घागर घेतलेली बाई कधीच चढली नाही. दीडशे वर्षांत एकदाही नाही. त्या मागून जायच्या." मी आईला सांगितलं. आई म्हणाली, "तिला सांग, चांगला जिना पुढेच असतो." मडम यावर खूप हसली आणि मग तिने डोळे पुसले.

तुळईतल्या त्या चार कड्या काढायला कंत्राटदार निघाला तेव्हा मडमनेच अडवलं. तिथे फणसाच्या फळीचा झोपाळा टांगला गेला. आयर्लंडच्या धर्तीच्या दिवाणखान्यात मधोमध कोकणी झोपाळा, आणि त्यावर झोके घेत चहा पिणारी मडम, हे मी डोळ्यांनी बघितलं आहे.

आणि तिने आणखी एक सांगितलं. पहिल्या पायरीच्या दर्शनी बाजूला बांधणाऱ्याचं नाव कोरायचं. पुन्हा कुणी विचारलं की हात कुणाचे, तर उत्तर असायला हवं.

बाबांना लिहायला येत नव्हतं. मी कोळसा घेऊन पायरीपुढे बसले आणि त्यांचं नाव काढायला लागले, तर त्यांनी हात धरला. "नाव नको. नाव ऐकून कोणाला काय कळणार? लिही, विहिरीचा गवंडी."

आयुष्यभर ज्या दोन शब्दांनी त्यांना खाली दाबलं होतं ते त्यांनी स्वतः मागून घेतले. माझे डोळे भरून आले, पुढचं काही दिसेना, तशीच मी अक्षरं काढली. बाबा चार दिवस छिन्नी घेऊन बसले. कोळशाची रेघ न् रेघ जशीच्या तशी दगडात उतरवली. मग त्यांनी फुंकर मारून धूळ उडवली, आणि मी बघते तर काय? 'विहीरीचा गवंडी.' 'हि' ऱ्हस्व हवी, मी दीर्घ काढलेली! ज्या चुकीपायी मी वर्गातल्या पोरींना दहा दहा वेळा शब्द लिहायला लावायची, तीच काळ्या दगडात, बोटभर खोल.

बाबा अंगठा त्या दीर्घ वेलांटीवरून हळूहळू फिरवत होते. "बरोबर आलं ना गो?" त्यांनी विचारलं. "तू काढलंस तसंच काढलंय."

"अगदी बरोबर आलं, बाबा," मी म्हटलं.

पुढे तीस वर्षं मी शाळेत शिकवलं, पण शुद्धलेखनाला तो शब्द पुन्हा कधी घातला नाही.